मौन प्रार्थनेने माणूस बदलतो का? गोव्यातल्या ख्रिस्ती भाविकांना एक प्रश्न

वसईकर मडगावात

मी मूळचा वसईचा, नोकरीमुळे मडगावात स्थायिक झालो. इथली भक्ती मला मनापासून आवडते. घरोघरी संध्याकाळचं तेर्स (जपमाळेची प्रार्थना), वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) सगळ्यांनी मिळून म्हटलेलं लादीन, डिसेंबरात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला (सणाला) चालत जाणारी माणसं. पण या सगळ्यात आपणच बोलत असतो. मागणं मागून झालं, आमेन म्हटलं, की उठलो. देव आपल्यावर प्रेम करतो हे सगळ्यांना पाठ आहे. त्या प्रेमापुढे काहीही न मागता बसायला मात्र कोणी शिकवत नाही.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासी संन्याशाने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन, म्हणजे देवापुढे नुसतं शांत बसणं. आपण तिसरीवर थांबतो. चौथी मठातल्या सिस्टरांची, असं आपणच परस्पर ठरवून टाकलं आहे. माझं म्हणणं, ती धर्मशिक्षणाच्या वर्गात, दृढीकरणाच्या (मुलांची श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) आधीच मुलांना शिकवावी.

कारण माणूस बदलतो तो तिथे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा सख्ख्या भावाशी वडिलोपार्जित घरावरून इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा, दावा चालू होता. दोघे चर्चमध्ये एकाच मिस्साला (उपासनेला) यायचे. एक उजव्या दाराने बाहेर पडायचा, दुसरा डाव्या. हे गृहस्थ रोज पहाटे शांत बसू लागले. समाधान वगैरे काही लाभलं नाही. कोर्टात आपण भावाविषयी काय काय बोललो तेवढंच आठवायचं, महिनोन्महिने. दावा त्यांनी मागे घेतला नाही. पण भावाचं बायपास झालं तेव्हा रात्री हॉस्पिटलात जागायला हेच गेले. नुसत्या निश्चयाने हे झालं नसतं. निश्चय ते दर उपवासकाळात करतच होते.

सासष्टीची नर्स

दादा, शांत बसायला वेळ कोणाकडे आहे ते आधी बघा. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. ड्यूटीवरून आले की त्यांची कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, पेज भरवायची. तेर्साचे मणी तेवढे हातात फिरतात. आणि त्यात चिंतन नाही असं कोण म्हणतं? दर दहा मण्यांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा असतो. ओठ चालू असले की माझं मन थाऱ्यावर राहतं. गप्प बसले की घरखर्च आठवतो.

लादीनालाही कमी लेखू नका. आमच्या वाड्यावर वर्षभर न बोललेल्या बायका त्या दिवशी एकाच पातेल्यातले उकडलेले चणे वाटतात. डोळे मिटून एकटं बसल्यावर शेजारीण भेटत नाही.

रायतूरचा वाचक

मलाही ही कल्पना धोक्याची वाटते, पण कारण वेगळं. वर्गात शिकवलं की त्याचं तंत्र होतं: पाठ ताठ ठेवा, श्वासाकडे बघा, एकच शब्द घोळवा. 1989 साली व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानावर पत्र काढलं, त्यात हाच इशारा आहे. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम स्पष्ट आहे: त्याने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. हे दान आहे, सरावाने कमवायची गोष्ट नव्हे. शिवाय प्रार्थनेत कोरडेपणा आला की ही मुलं काय करणार? क्रूसाचा संत योहान या स्पॅनिश संन्याशाला 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या लोकांनी तोलेदोच्या कोठडीत डांबलं, पुढच्या ऑगस्टात तो निसटला. आत्म्याच्या काळोख्या रात्रीबद्दल, म्हणजे याच कोरडेपणाबद्दल, त्याने लिहिलं ते हे सोसल्यावर.

डिचोलीकर

मी वारकरी घरातला. ज्ञानोबा-तुकोबा वाचलेल्याला प्रेमाने अंतःकरण पालटतं हे पटवून द्यावं लागत नाही. माझा प्रश्न इथल्या मातीतला आहे.

फ्रान्सिस झेवियर यांनी 1534 साली पॅरिसमध्ये जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या मार्गदर्शनाखाली तीस दिवसांची मौन साधना केली. त्या साधनेचं शेवटचं चिंतन देवाच्या प्रेमावरच आहे. त्याच झेवियरांनी 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं न्यायालय, मागितलं. ज्यू आणि मुसलमानी रीतीने राहणारे लोक फार झाले, हे कारण देऊन. ते आलं 1560 साली, झेवियर वारल्यानंतर, आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. त्याच काळात मंगेशाला कुठ्ठाळीहून झुवारीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं. तुमचे गृहस्थ हॉस्पिटलात गेले, कारण तो त्यांचा भाऊ होता. परक्याचं काय?

वसईकर मडगावात

डिचोलीकर सर, ते पत्र मी झाकणार नाही. हेच झेवियर 1542 साली गोव्यात उतरल्यावर इस्पितळात राहिले, रोग्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपले. दोन्ही एकाच माणसाने केलं. प्रेम त्यांच्या आत जिथवर पोचलं तिथवर ते बदलले. त्या काळाने मनात रुजवलेल्या वैरापर्यंत ते पोचलं नाही. ही सबब नव्हे. तीस दिवसांत हे काम संपतं असं कोणी मानू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

आविलाची तेरेजा या स्पॅनिश संत सिस्टरने 1577 साली आत्म्याला सात दालनांचा किल्ला मानून ग्रंथ लिहिला. पाचव्या दालनात ती बजावते: देवावर आपलं प्रेम आहे का हे खात्रीने सांगता येत नाही, शेजाऱ्यावर आहे का ते कळतं. आजारी सिस्टरला गरज असेल तर प्रार्थनेतला आनंद सोडून उठा, असं तिचं सांगणं आहे. आणि तिच्याही लिखाणाची स्पेनच्या इन्क्विझिशनने चौकशी केली होती. मौनात बसणाऱ्यांकडे ते न्यायालय संशयानेच बघत असे.

सासष्टीची नर्स

मग माझंच खरं ठरलं. कसोटी शेजाऱ्यापाशी लागणार असेल तर तालीमही तिथेच होऊ दे. मध्ये मौन कशाला?

वसईकर मडगावात

ताई, सेवा करतानाही राग साठतो म्हणून. तो मिस्सात किंवा लादीनात वर येत नाही, तिथे शब्द असतात. सासूबाईंचा डोळा लागल्यावर त्यांच्या खाटेशीच पाच मिनिटं, मणी खाली ठेवून बसा.

सासष्टीची नर्स

राग येतो, खरं आहे. कधीकधी कूस बदलताना हात जोरात पडतो. तेव्हाच मी मणी घट्ट धरते. ते खाली ठेवायला मला सांगू नका.

डिचोलीकर

वसईकर, वर्ग घेणारच असाल तर मुलांना 1546 चं पत्रही द्या, आणि ते चिंतनाच्या तासाला द्या. ज्यांच्यावर तो जाच आला त्यांच्यासाठी ती मुलं गप्प बसून काही वेळ रडू शकली, तर तुमचं म्हणणं मी मानेन.

वसईकर मडगावात

देईन. इस्पितळाची हकिकतही त्याच तासाला सांगेन. पुढच्या उपवासकाळाआधी आमच्या फादरांपुढे हे मांडतो. रायतूरचे भाऊ, तंत्र होऊ नये म्हणून काय टाळायचं ते तुम्ही लिहून द्या, तेही सोबत ठेवतो.