परदेशात देवळात लग्न, नोंदणी नाही: वेगळं होताना 'लग्न झालंच नव्हतं' म्हणणं बरोबर आहे का?

मुक्ताई
ओळखीतलं एक जोडपं इंग्लंडमध्ये राहतं. लग्न लावलं इंडोनेशियातल्या बालीत, तिथल्या हिंदू पुजाऱ्याच्या हातून. सरकारी नोंद केलीच नाही. दोन मुलं आहेत, घर एकट्या नवऱ्याच्या नावावर. आता पटत नाही म्हणून वेगळे होतायत, आणि तो म्हणतो, "कागद नाही म्हणजे लग्न नाही. घटस्फोट कशाचा मागतेस?"

मला याची चीड येते. घरकर्जाच्या अर्जावर याच माणसाने 'विवाहित' या चौकोनात खूण केलेली आहे. कर्ज हवं होतं तेव्हा ती बायको होती. वाटणीची वेळ आली की नाही? तिने कोर्टात जावं असं माझं ठाम मत आहे.

रोखठोक
असहमत. राग समजतो, पण नोंदणी करायला दोघांनाही कोणी अडवलं नव्हतं. रॉक गायक मिक जॅगर आणि मॉडेल जेरी हॉल यांचंही १९९० साली बालीतच हिंदू पद्धतीने लग्न झालं होतं. १९९९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं. इतकं गाजलेलं उदाहरण समोर असताना लोक तेच करतात आणि मग कायद्याने सांभाळून घ्यावं म्हणतात. शिवाय मुद्दाम लग्न न करता राहणारी जोडपीही असतात. नुसत्या सहवासावरून हक्क द्यायला लागलो तर त्यांच्यावर लग्न लादल्यासारखंच होईल.

तराजू
दोघांचंही थोडं चुकतंय. रद्दबातल ठरलं म्हणजे हात हलवत परत यायचं, असं नाही. इंग्लंडमध्ये १९७३च्या कायद्याप्रमाणे लग्न रद्दबातल असल्याचा आदेश मिळाला, तर घर, पेन्शन, निर्वाहखर्च यांबाबत कोर्ट घटस्फोटासारखेच आदेश देऊ शकतं. खरी भीती तिसऱ्या प्रकाराची. समारंभ कायद्याच्या चौकटीपासून इतका लांब असेल की कोर्ट त्याला रद्दबातल लग्नसुद्धा मानत नाही, तर यातलं काहीच मागता येत नाही. अख्तर-खान खटल्यात हेच झालं. १९९८ साली लंडनमध्ये निकाह लागला, नोंदणी राहूनच गेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्दबातल लग्न मानलं आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तेही पुसून टाकलं.

पण तो समारंभ इंग्लंडमधला होता. परदेशातल्या लग्नाचे विधी पुरेसे होते की नाही, हे जिथे लग्न लागलं तिथल्या कायद्यावर ठरतं. सिरियातल्या चर्चमध्ये लागलेल्या, आवश्यक परवानगी न घेतलेल्या लग्नाचं प्रकरण २०१३ मध्ये लंडनला आलं, तेव्हा न्यायाधीशांनी सिरियाचा कायदा तपासला आणि लग्न रद्दबातल धरलं. म्हणजे वाटणीचं दार उघडं राहिलं. इंडोनेशियाच्या १९७४च्या कायद्यात धार्मिक विधी आणि नोंदणी दोन्ही सांगितलेत. नोंदणी राहिली तर काय, याचं लेखी मत तिथल्या वकिलाकडून घ्यावं लागेल. त्याआधी "लग्नच नाही" असं नवऱ्याने म्हणून काही होत नाही.

रोखठोक
मान्य, हा फरक मी धरला नव्हता. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. अपील न्यायालयाने रेष आखली ती बरोबर आखली. कोण विवाहित आणि कोण नाही हे सरकारदरबारी स्पष्ट असायलाच हवं.

दोन_काठ
तुम्ही सगळे इंग्लंडच्याच काठावर उभे आहात. ते दोघं हिंदू असतील आणि त्यांचा अधिवास (म्हणजे कायद्याने कायमचं घर मानला जाणारा देश) भारतात असेल, तर १९५५चा हिंदू विवाह कायदा परदेशातही लागू होतो. त्यात रूढीप्रमाणे विधी महत्त्वाचे, नोंदणी नसल्याने लग्न अवैध ठरत नाही. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले असतील तर भारतात ते नवरा-बायको ठरू शकतात. इंग्लंडमध्ये "झालंच नव्हतं" म्हणून सुटलेल्या माणसाने उद्या दुसरं लग्न केलं, तर इकडे द्विभार्याविवाहाचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. नवऱ्यालाही कोर्टाचा आदेश हवाच आहे, त्याच्या लक्षात येत नाहीये एवढंच.

अनुभवी_आई
मी अशाच परिस्थितीतून गेले आहे. मुक्ताई, "कोर्टात जा" हे बाहेरून सांगणं सोपं असतं. वकिलांची बिलं, दोन देशांची कागदपत्रं, आणि मुलं रोज आपल्या तोंडाकडे बघत असतात. मी मध्यस्थासमोर बसून तडजोड केली, लग्न वैध होतं का हा प्रश्न उघडलाच नाही. मुलांचा खर्च लग्नावर अवलंबून नसतो, तो बापाला द्यावाच लागतो.

मुक्ताई
ताई, तुमच्या निर्णयाबद्दल आदर आहे. पण इंग्लंडच्या १९८९च्या बालकायद्याखाली मिळणारं घर बहुतेक वेळा मुलं मोठी होईपर्यंतच असतं, नंतर ते बापाकडे परत जातं. मग ती कुठे जाणार? तडजोडीला बसायचं तरी आपल्या हातात काय आहे हे माहीत असल्याशिवाय बसू नये. नाहीतर समोरचा देईल ते घेऊन उठावं लागतं.

तराजू
तडजोड की खटला हे तिचं तिने ठरवावं. पण घर एकट्याच्या नावावर आहे, तो ते विकू शकतो. आधी त्याचं बघा. पत्नी म्हणून किंवा घरात तिचे पैसे गेले असतील तर त्या हिश्श्यापोटी, जमीन नोंदणीत तिच्या हक्काची नोंद करता येईल का, हे वकिलाला याच आठवड्यात विचारा. पुजाऱ्याने दिलेली चिठ्ठी, फोटो, साक्षीदारांची नावं आणि तो कर्जाचा अर्ज, सगळ्याच्या प्रती घराबाहेर ठेवा. आणि "आमचं लग्न झालं नव्हतं" असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही नको.