खडकांची तिकिटं: देशवार लावू की घडणीप्रमाणे?

प्रश्न
समुद्रकाठचे कडे, कमानी, सुळके असलेली टपाल तिकिटं मी बरीच वर्षं जमवतेय. आजवर देशवार लावली. आता पानं नव्याने मांडताना वाटतंय, समुद्र खडक जसा पोखरत जातो तशीच ती लावावीत: कडा, गुहा, कमान आणि कमानीचं छत कोसळलं की मागे उरणारा स्तंभ. मग फ्रान्सचं १९८७ चं एत्रताचं तिकीट कमान आणि स्तंभ यांच्या मधोमध येतं, कारण तिथल्या चुनखडीच्या पांढऱ्या कड्यात कमानही आहे आणि शेजारी सुटा सुळकाही.

अडलंय ते ब्रिटनच्या १९८१ च्या नॅशनल ट्रस्ट (निसर्ग आणि वारसास्थळं जपणारी संस्था) संचापाशी. २० पेन्सचं स्टॅकपोल हेड कड्यांत बसतं. २२ पेन्सचं जायंट्स कॉजवे (उत्तर आयर्लंडमधला दगडी खांबांचा किनारा) आणि २५ पेन्सचं सेंट किल्डा (स्कॉटलंडजवळचं बेट) कुठे ठेवू? शिवाय संच फोडायला हात धजत नाही.

प्रतिसाद १
कॉजवे या क्रमात घालूच नका. ते खांब लाटांनी कोरलेले नाहीत. लाव्हा थंड होताना आकसला, वर भेगा पडल्या आणि त्या खाली खाली उतरत गेल्या. म्हणून बेसाल्टचे सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी. समुद्राचा हात लागला तो नंतर. त्याला स्वतंत्र पान द्या.

प्रतिसाद २
सेंट किल्डा मात्र स्तंभांच्या पानावरच हवं. तिथला स्टॅक अन आर्मिन हा समुद्रातला सुळका १९६ मीटर उंच आहे. आणि टपालाच्या संग्रहात या बेटाचा मान वेगळाच! बेटकरी लाकडाच्या छोट्या होडीत पत्र ठेवायचे, तिला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचे आणि प्रवाहावर सोडून द्यायचे. कोणाला तरी ती किनाऱ्यावर सापडे आणि पत्र पुढे जाई. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले. हे चार ओळींत तिकिटाखाली लिहाच.

प्रतिसाद ३
कड्यांचं पान अमेरिकेच्या १९३४ च्या ७ सेंटच्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानाच्या तिकिटाने सुरू करा. त्यावर ग्रेट हेड हा तिथला समुद्रात घुसलेला कडा आहे. भिंगाखाली धरून बघा: खडक, पाणी, आकाश सगळं एकाच काळ्या शाईत. खडक वेगळा कळतो तो फक्त कोरीव रेघा दाट झाल्यामुळे. मला तरी रंगीत छपाईत असा खडक दिसलेला नाही.

प्रश्नकर्ती
अकेडिया आहे माझ्याकडे, पण रेघांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं. पाण्याच्या रेघा आडव्या आणि विरळ, खडकाच्या एकमेकींवर चढलेल्या.

कोरा संच अखंड ठेवते. शिक्का मारलेली सुटी तिकिटंही आहेत, तीच वाटून लावते. कॉजवेला वेगळं पान. सेंट किल्डाचं तिकीट पानाच्या अगदी वर लावलं आहे, होडीची गोष्ट लिहायला खाली जागा राहावी म्हणून.