मदत हवी आहे: सेल्फ नुसता 'टक्' करतो, सोलेनॉइडच गेलाय का?

मंडळी, ट्रॅक्टरची चावी फिरवली की सेल्फमधून (स्टार्टर) एकदा ठसठशीत 'टक्' येतं, मोटर मात्र फिरत नाही. चार-पाच वेळा चावी मारली की अचानक फिरते आणि इंजिन लगेच चालू होतं. मेकॅनिक म्हणतो पूर्ण सेल्फ बदला. मला ते पटत नाही; माझा संशय सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचवर आहे.

मीटरने बघितलेलं सांगतो. बॅटरी 12.6 व्होल्ट, चावी धरून ठेवली तरी 12.3. म्हणजे मोटर करंट खेचतच नाहीये. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला चावीचा सप्लाय 11.9 येतो. मग मीटरच्या दोन्ही पिना सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर (एक बॅटरीकडचा, एक मोटरकडचा) धरल्या, चावी मारली, 'टक्' झालं, तरी मीटर 12 च दाखवतो! हे दोन बोल्ट जोडणारी आतली तांब्याची चकती नीट टेकली असती तर तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. म्हणजे कॉइल प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) ओढतेय, पण कॉन्टॅक्ट जळालेत, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

शेजारी म्हणतो, बोल्ट पान्याने शॉर्ट करून बघ. ठिणग्या नकोत बाबा, आणि त्याने सोलेनॉइडची कॉइल थोडीच तपासली जाते.

विचारायचं हे: झाकणाचा डाख (सोल्डर) काढून चकती उलटी बसवली तर टिकते का, की नवा सोलेनॉइडच घ्यावा? आणि ओढणारी व धरून ठेवणारी अशा दोन्ही कॉइल घरी वेगवेगळ्या कशा तपासता? माझा साधा मीटर इतका कमी रोध नीट दाखवत नाही.