तालुक्यांच्या नकाशाला जनगणनेचा तक्ता जोडताना कोडवर सर्व ओळी रिकाम्या, नावावर मोजक्याच रिकाम्या

प्रश्न
महाराष्ट्राच्या तालुका-सीमांची शेपफाइल (नकाशातील आकार आणि त्यांचा तक्ता साठवणारी फाइल) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिला 2011 च्या जनगणनेचा तक्ता जोडण्याचा प्रयत्न मी चार दिवस करीत आहे. तक्ता एक्सेलमध्ये साफ करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केला. तालुक्याच्या कोडवर जॉइन केला, म्हणजे सारखा कोड असलेल्या ओळी एकमेकींना जोडल्या, तर लोकसंख्येच्या स्तंभात सर्वत्र नल, म्हणजे रिकामी नोंद, येते. मग मराठी नावावर जॉइन केला, तेव्हा बहुतेक ओळी भरल्या, परंतु कऱ्हाडसारखे काही तालुके, दोन्हीकडे नाव हुबेहूब सारखे दिसत असूनही, रिकामे राहिले. उरलेले आकडे हाताने भरून काम संपवावे का?

उत्तर 1
हाताने भरू नका. त्या जनगणनेतील तालुक्यांचे कोड पाच अंकी असून महाराष्ट्राचे कोड शून्याने सुरू होतात. एक्सेल सीएसव्ही उघडताना त्यांना संख्या समजते आणि पुढचे शून्य गाळून टाकते. शेपफाइलमधला कोड मात्र बहुधा मजकूर आहे, त्यामुळे एकही जोडी जुळत नाही. अॅट्रिब्यूट टेबल, म्हणजे नकाशामागचा तक्ता, उघडून पाहा, संख्येचा स्तंभ उजवीकडे टेकलेला दिसतो आणि मजकुराचा डावीकडे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (सूत्राने स्तंभ भरण्याच्या साधनात) मजकूर प्रकारचा नवा स्तंभ घ्या, टू-स्ट्रिंग फंक्शनने संख्येचा मजकूर करा आणि एलपॅडने रुंदी 5 ठेवून डावीकडे शून्य भरून घ्या. मूळ तक्ता हाताशी असेल तर त्याहून बरे म्हणजे तो एक्सेलमध्ये न उघडता थेट क्यूजीआयएसमध्ये आणावा आणि आणताना स्तंभांचे प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाकावी.

उत्तर 2
वरील उत्तर योग्यच आहे, परंतु मला रिकाम्या ओळींपेक्षा तुमच्या भरलेल्या ओळींची अधिक काळजी वाटते. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये, तर कळंब धाराशिव आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत आहे. क्यूजीआयएसचा जॉइन जुळणाऱ्या ओळींपैकी एकच घेतो, म्हणजे दोन्ही कर्जतांना एकच लोकसंख्या मिळाली असणार, आणि तीही कोणतीही तक्रार न करता. नल निदान डोळ्यांत खुपते, चुकीचा आकडा खुपत नाही.

कऱ्हाडचे म्हणाल, तर त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन प्रकारे टंकला जातो: एकदा ऱ आणि हलंत वापरून, तर दुसऱ्यांदा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही तक्त्यांत या नावावर चिन्हे मोजणारे लेंग्थ फंक्शन चालवून पाहा. एकीकडे 6 आणि दुसरीकडे 7 आले, तर खोट तिथेच आहे. नावावर जॉइन करण्याचा मोह मराठीत तरी सोडलेला बरा.

उत्तर 3
जॉइन जुळल्यावर तो पुन्हा शेपफाइलमध्ये साठवू नये, ही विनंती. जॉइन केवळ त्या प्रोजेक्टपुरता असतो, म्हणून लेयर (नकाशाचा तो थर) नव्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करावाच लागतो. परंतु शेपफाइलचा तक्ता डीबीएफ या जुन्या प्रकारचा असून त्यात स्तंभाचे नाव 10 बाइटांत बसावे लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइट घेते, म्हणजे नावाला जेमतेम तीन चिन्हे उरतात. मजकुराच्या स्तंभाची 254 ही कमाल मर्यादादेखील बाइटांतच मोजली जाते, त्यामुळे लांब शेरे अर्ध्यावर कापले जातात. त्यात जोडलेल्या प्रत्येक स्तंभापुढे सीएसव्हीच्या लेयरचे नाव लागत असल्याने कापल्यानंतर सगळे स्तंभ एकसारखेच दिसू लागतात. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात या अडचणी येत नाहीत.

प्रश्नकर्त्याकडून
मूळ तक्ता थेट आणून कोडवर जॉइन केला आणि सर्व ओळी भरल्या. नावावर केलेल्या जुन्या जॉइनशी ताडून पाहिले, तर दोन्ही कर्जतांसमोर खरोखर एकच आकडा होता, जो मी मागच्या आठवड्यात एका आलेखात वापरूनही बसलो होतो. एक्स्पोर्ट आता जिओपॅकेजमध्ये केले आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाल्यामुळे डहाणू, वसई वगैरे तालुक्यांसमोर तक्त्यात ठाणेच येते; ते न पुसता आजच्या जिल्ह्याचा स्तंभ शेजारी वेगळा ठेवला आहे.