मदत हवी आहे: बल्गेरियातलं कोप्रिवश्तित्सा, बाबांसोबत तीन रात्री

नमस्कार मंडळी,

माझे बाबा (वय ७३, साताऱ्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त) एप्रिलमध्ये माझ्याकडे स्टुटगार्टला येत आहेत. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घर सोडून एवढे लांब निघालेत. मी पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम सगळं विचारून झालं. ते म्हणाले, "गर्दीत नको नेऊस. एखाद्या लहान गावात चार दिवस नुसतं बसू."

माझी एक सहकारी मूळची प्लोव्दिवची आहे. तिने कोप्रिवश्तित्साचे फोटो दाखवले. सोफियाच्या पूर्वेला साधारण ११० किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा डोंगरात, हजार मीटरच्या वर वसलेलं गाव. दगडी जोतं, त्यावर लाकडी मजला पुढे आलेला, निळ्या-तांबड्या भिंती, अंगणाभोवती पुरुषभर उंच दगडी गडगा आणि त्यात भलंमोठं लाकडी दार. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हा तर वाडाच आहे." त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या जागेचं नाव काढलेलं नाही.

बहुतेक लोक सोफियाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. मला तीन रात्री राहायचंय. ३० एप्रिलला पोहोचून ३ मेला निघावं असा विचार आहे. आता माझ्या शंका. बाबांचे गुडघे दुखतात, एक किलोमीटर सपाटीवर चालतात, चढ लागला की थांबतात. ते शाकाहारी आहेत, अंडं चालतं. बल्गेरियन आम्हा दोघांनाही येत नाही. आणि त्यांचा व्हिसा जर्मनीचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा) आहे, तो तिथे चालतो का? कोणी त्या गावी मुक्काम केला असेल तर कृपया सविस्तर सांगा. दहा ठिकाणं बघायची यादी नकोय. बाबांना तिथे स्वस्थ वाटेल का, एवढंच मला कळायला हवंय.

— रानजाई

पायवाट: रानजाई ताई, कामानिमित्त चार वर्षं सोफियात होतो आणि या गावी पाच-सहा वेळा मुक्काम केलाय. सगळ्यात आधी तारखा बदला. ओटोमन (तुर्की) सत्तेविरुद्धचा १८७६ चा एप्रिल उठाव याच गावात पेटला. जुन्या पंचांगानुसार तो दिवस २० एप्रिल, आताच्या पंचांगानुसार २ मे. दरवर्षी १ आणि २ मेला त्या घटनेचा देखावा होतो. जुन्या वेशातली माणसं, बंदुकांचे बार, बसगाड्या भरून येणारी पाहुणे मंडळी. सोहळा फार सुंदर असतो, पण तुम्हाला हवी ती शांतता त्याच दोन दिवसांत मिळणार नाही. ६ मेला संत जॉर्जचा सण, तीही सुट्टी. १० मेनंतर जा, आणि शनिवार-रविवार टाळा. तेव्हा संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर फक्त नदीचा आवाज असतो.

बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत म्हणून लिहितो. उठाव खरं तर जुन्या पंचांगातल्या मेच्या सुरुवातीला ठरला होता, पण बातमी फुटली. उठावाचा इथला नेता तोदोर काब्लेश्कोव्ह याला पकडायला ओटोमन शिपाई आले आणि त्याने वेळेआधीच सुरुवात केली. शेजारच्या पानाग्युरिश्ते गावातल्या साथीदारांना त्याने जे पत्र पाठवलं, त्यावर मारल्या गेलेल्या शिपायाच्या रक्ताची खूण होती. बल्गेरियात शाळकरी मुलंसुद्धा त्याला 'रक्ताचं पत्र' म्हणून ओळखतात. पहिली गोळी सुटली तो दगडी पूल अजून आहे, अगदी लहानसा, घोडा जाईल एवढाच. काब्लेश्कोव्ह पकडला गेला आणि त्याच उन्हाळ्यात कैदेत त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. वय पंचवीस.

आता तुमच्या बाबांचा 'वाडा' शाबूत का राहिला, ते. शेजारची क्लिसुरा आणि पानाग्युरिश्ते जाळली गेली. कोप्रिवश्तित्सातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी पैसे मोजून गाव वाचवलं. मेंढ्या, लोकर आणि दूरदेशीच्या व्यापारावर उभी राहिलेली घराणी होती ती. ही गोष्ट त्या पुलावर बसून बाबांना सांगा. मला स्वतःला ती फार अस्वस्थ करते. एकाच गल्लीत एकाने जीव दिला आणि दुसऱ्याने तिजोरी उघडली, आणि आज आपण जे पाहतो ते दोघांमुळे आहे.

कौलारू: मी आईला (तेव्हा ७०) घेऊन सप्टेंबरमध्ये दोन रात्री राहिले होते, त्यामुळे गुडघ्यांचं मी सांगते. गाव तोपोल्नित्सा नदीच्या दोन्ही काठांवर लांबट पसरलंय. नदीकाठचा रस्ता आणि चौक सपाट आहे, तिथे बाबा आरामात चालतील. आतल्या गल्ल्यांत मात्र गोट्यांसारख्या दगडांची फरसबंदी आहे, त्याला तिथे 'काल्दरम' म्हणतात. पाऊस पडला की ते दगड शेवाळल्यासारखे निसरडे होतात. चामड्याच्या चपला-बूट नकोत, रबरी तळव्याचे बूट आणि एक काठी घ्या. खोली घेताना 'चौकाजवळ, तळमजल्यावर' असं आधीच लिहून मागा, कारण बहुतेक घरगुती मुक्कामांत खोल्या वर असतात आणि लाकडी जिना उभा असतो.

संग्रहालय केलेली सहा घरं आहेत, एकत्र तिकीट मिळतं. पण काही सोमवारी बंद असतात, तर काही मंगळवारी, म्हणून बुधवार-गुरुवार-शुक्रवार धरा. सगळी बघू नका. ओस्लेकोव्हचं घर बघा, त्याच्या पुढच्या पडवीचे खांब आणि भिंतींवर रंगवलेली शहरं. ल्युतोव्हच्या घराचं छत बघा. आणि दिम्चो देबेल्यानोव्ह या कवीचं छोटंसं निळं घर.

हा कवी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, एकोणतिसाव्या वर्षी मारला गेला. अस्थी नंतर गावी आणल्या. चर्चच्या आवारात त्याच्या कबरीवर एका म्हाताऱ्या आईचं शिल्प आहे, हनुवटीला हात लावून बसलेली, मुलाची वाट बघणारी. इव्हान लाझारोव्ह या शिल्पकाराचं काम. माझी आई तिथे बराच वेळ बसून राहिली, काही बोलली नाही. तुमच्या घरी नुकतंच दुःख झालंय म्हणून आधी सांगून ठेवते, तिथे कधी जायचं ते बाबांचा कल बघून ठरवा.

आणखी एक. घरांच्या दारांवर, विजेच्या खांबांवर फोटो असलेले छापील कागद दिसतील. त्या श्रद्धांजली आहेत. चाळीस दिवसांनी, वर्षाने, दहा वर्षांनीही नव्याने लावतात. आम्हाला पहिल्या दिवशी वाटलं गावात मोठा अपघात झालाय. आईला कळल्यावर ती प्रत्येक कागदासमोर क्षणभर थांबायची.

शेपू: जेवणाची काळजी सोडा. बल्गेरियाइतकं दही मी दुसरीकडे खाल्लेलं नाही. 'किसेलो म्ल्याको' म्हणजे शब्दशः आंबट दूध. दह्यातला जिवाणू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने शोधला, त्या जिवाणूच्या नावातच देशाचं नाव आहे. तारातोर मागवा: काकडी, दही, लसूण, शेपू, वर अक्रोड. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीत पाणी घातल्यासारखं. शोप्स्का सॅलड, चीज घातलेली बानित्सा, मक्याच्या पिठाचा काचामाक, भाजलेल्या मिरच्यांची ल्युतेनित्सा, सगळं बाबांना चालेल. घेवड्याचं सूप म्हणजे 'बोब चोर्बा' बहुतेक बिनमांसाचं असतं, पण कधीकधी आत सॉसेज निघतं, म्हणून "बेझ मेसो?" म्हणजे "मांसाशिवाय?" असं विचाराच.

विचारल्यावर मानेकडे बघू नका! तिथे 'हो'ला मान आडवी हलवतात आणि 'नाही'ला वर उचलतात. परदेशी माणूस दिसला की काहीजण मुद्दाम उलट करतात, मग गोंधळ आणखी वाढतो. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही, तेवढं ऐका.

पायवाट: व्हिसाचं राहिलं. बल्गेरिया ३१ मार्च २०२४ पासून हवाई आणि सागरी मार्गांसाठी आणि १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसाठीही शेंगेनमध्ये पूर्ण सामील आहे. जर्मनीचा व्हिसा चालेल, पण तिथले दिवस आता शेंगेनच्या '१८० दिवसांत जास्तीत जास्त ९०' या मर्यादेतच मोजले जातात. बाबा तीन महिने राहणार असतील तर हिशोब नीट करा, पासपोर्ट आणि विम्याचा कागद जवळ ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून चलन युरो आहे, तरी गावात सुटी रोकड असू द्या.

रेल्वेने जाणार असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात घ्या. 'कोप्रिवश्तित्सा' नावाचं स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, रानात आहे. गाडीच्या वेळेला मिनीबस येते, पण बाबा सोबत असताना त्या भरवशावर राहू नका. घरमालकाला आधी कळवून गाडी मागवा. सोफियाहून सुमारे दोन तास लागतात आणि दिवसातून मोजक्याच गाड्या आहेत.

रानजाई: तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! तारखा बदलल्या. आता मंगळवार १२ मे ते शुक्रवार १५ मे, तळमजल्याची खोली मागितली आहे. मालकीणबाई स्टेशनवर गाडी पाठवणार आहेत. कौलारू, त्या शिल्पाबद्दल आधी सांगितलंत, खरंच आभारी आहे. बाबांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जाऊ या तिथे."

त्यांनी वहीत सिरिलिकची तीसही अक्षरं लिहून काढली आहेत. काल दुकानाला 'द्युक्यान' आणि साबणाला 'सापून' म्हणतात हे सापडलं तेव्हा त्यांचा आवाज किती तरी महिन्यांनी पूर्वीसारखा वाटला. आता त्यांना एकच वाक्य पाठ करायचंय. कोणाच्या दारापुढे बाक असेल तर "मी इथे बसू का?" हे कसं विचारायचं?

पायवाट: "मोझे ली दा सेद्ना तुक?" असं विचारायला सांगा. समोरची आजी बहुतेक "मोझे, मोझे" म्हणेल आणि मान आडवी हलवेल. बाबांना सांगा, उठू नका, ती बसा म्हणतेय.