मदत हवी आहे: लेस्टरवेड्या मुलाची समजूत कशी घालू?

मंडळी, अकरा वर्षांचा चिरंजीव कट्टर लेस्टर सिटीवाला (इंग्लंडमधला फुटबॉल क्लब). 20 एप्रिल 2025 ला लिव्हरपूलकडून 0-1 हरून टीम प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमधून, खाली गेली. घरच्या मैदानावर एकही गोल न करता ओळीने नववा पराभव, बोला! वर्गातली पोरं चिडवतात म्हणून निळी जर्सी उशीच्या अभ्र्यात कोंबून ठेवलीय. 2016 चे चॅम्पियन हेच, असं सांगितलं तर म्हणतो, "बाबा, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो."

टीमचा स्ट्रायकर जेमी वार्डी यानेही क्लबसाठीच्या 500 व्या मॅचमध्ये 200 वा गोल मारून निरोप घेतला, तेव्हा तर जेवलाच नाही. (खरं सांगायचं तर मीही हललो.)

आता चॅम्पियनशिपच्या (प्रीमियर लीगच्या खालची लीग) 46 मॅचमध्ये त्याचा जीव कसा रमवू? की दुसरी टीम धरू द्यावी? अशा अनुभवातून गेलेल्यांनी सांगा.