बार्बरा सीमन: डॉक्टर नसलेल्या बाईने औषधांवर लिहावं का?

पांढरा_चाफा (धागाकर्ती)

गौरी-गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये उभी होते. पुढची बाई हळू आवाजात म्हणाली, "ती पुढे ढकलायची गोळी द्या." दुकानदाराने पट्टी कात्रीने कापली, गोळ्या कागदी पुडीत घातल्या आणि "दिवसाला तीन" असं सांगून मोकळा झाला. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, रक्तदाब आहे का, काही विचारलं नाही. ती बाईही मुकाट्याने गेली, कारण घरी गौरी बसायच्या होत्या.

तेव्हापासून बार्बरा सीमन ही अमेरिकन लेखिका डोक्यात आहे. इथे फार कुणी वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. ती 1935 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली. 1957 मध्ये पहिलं मूल झालं. ती अंगावर पाजत होती आणि रुग्णालयात तिला रेचक दिलं गेलं. दुधातून ते बाळाच्या पोटात गेलं, बाळ मरता मरता वाचलं. दोन वर्षांनी मावशी गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, वय 49. पाळी जाताना घेतलेल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे हे झालं असावं, असं मावशीच्या डॉक्टरांचंच म्हणणं होतं.

सीमन नववधूंच्या आणि गृहिणींच्या मासिकांत सदरं लिहायची. वाचक बायकांची पत्रं यायची: गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यापासून डोकं दुखतं, पाय सुजतो, रडू येतं, आणि डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ आहेत. 1969 मध्ये तिने 'द डॉक्टर्स केस अगेन्स्ट द पिल' लिहिलं. नाव नीट वाचा. गोळीविरुद्धचा हा खटला डॉक्टरांचा आहे, बाईंचा नव्हे. पुस्तकात डॉक्टरांचेच शोधनिबंध आणि डॉक्टरांच्याच मुलाखती आहेत.

त्या पुस्तकामुळे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी जानेवारी 1970 मध्ये सुनावणी लावली. साक्षीला तज्ज्ञ होते, पण गोळी घेणारी एकही बाई नव्हती. अ‍ॅलिस वुल्फसन ही कार्यकर्ती आणि तिच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उठून ओरडल्या की आम्हाला का विचारत नाही? त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात बाईने स्वतः वाचायचं माहितीपत्रक घालायचं ठरलं. मूळ मसुदा चांगला ऐसपैस होता. कंपन्या आणि डॉक्टरांच्या संघटना तुटून पडल्यावर त्याची चार-सहा वाक्यं उरली. पण उरली.

माझं मत: सीमनने गोळी बंद पाडली नाही, तिने ही माहितीची चिठ्ठी बाईच्या हातात दिली. यासाठी डॉक्टरकीची पदवी लागत नाही. असहमत असाल तर बोला.

कृष्णाकाठचा_वैद्य

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तीस वर्षं प्रॅक्टिस. असहमत.

पहिलं म्हणजे, 1960 ची गोळी आणि आजची गोळी एक नाही. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होतं आणि प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन जवळजवळ 10 मिलिग्रॅम. आपल्या सरकारी माला-एनमध्ये इस्ट्रोजेन 30 मायक्रोग्रॅम आहे. सीमनचं पुस्तक त्या जुन्या राक्षसाबद्दल होतं, भीती मात्र आजच्या गोळीलाही चिकटली.

दुसरं, आकडे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला 1 ते 5 जणींच्या शिरेत गाठ होते, गोळी घेणाऱ्यांत 3 ते 9. गरोदरपणात 5 ते 20, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत 40 ते 65. गोळीला घाबरून जिला दिवस गेले, तिला आपण कशातून वाचवलं आणि कशात ढकललं? त्या सुनावणीनंतर अमेरिकेत कित्येक बायकांनी गोळी तडकाफडकी बंद केली. टीकाकार त्यातून झालेल्या मुलांना 'नेल्सन बाळं' म्हणत.

माझ्याकडे अशा मुली येतात. "गोळीने मूल होत नाही कायमचं" हे कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून गोळी नको, आणि दीड महिना वर गेल्यावर माझ्यासमोर रडत बसलेल्या असतात.

टवाळ_पंत

थोडक्यात, आमच्या फॅमिली ग्रुपवर "गरम पाण्यात लिंबू, कॅन्सर पळाला" पाठवणाऱ्या काकू म्हणजे गिरगावच्या बार्बरा सीमन. पदवी त्यांनाही नाही.

पांढरा_चाफा

पंत, काकूंनी दहा वर्षं शोधनिबंध वाचून, डॉक्टरांना नावानिशी उद्धृत करून, सिनेटच्या चौकशीत टिकेल असं काही पाठवलं तर मला फॉरवर्ड करा. अमेरिकेचे तेव्हाचे आरोग्यमंत्री रॉबर्ट फिंच यांनी मान्य केलं होतं की इशारा कडक करण्यामागे हे पुस्तक एक कारण होतं.

वैद्यबुवा, तुमचे आकडे मान्य. पण मात्रा 150 वरून 30 वर आपोआप नाही उतरली. त्रास होतोय हे कुणीतरी ओरडून सांगितलं म्हणून उतरली. पोर्तो रिकोमध्ये झालेल्या गोळीच्या चाचण्यांत डॉ. एड्रिस राइस-रे यांनी 17 टक्के बायकांना त्रास होतो असं लिहून दिलं होतं. त्या स्वतः डॉक्टर, पदवीवाल्या. त्यांचं कुणी ऐकलं?

कृष्णाकाठचा_वैद्य

मात्रा संशोधनाने उतरली. ब्रिटनमधल्या अभ्यासांत इस्ट्रोजेन आणि गाठींचा संबंध दिसला होता, ते काम डॉक्टरांचंच. ओरडणाऱ्यांना श्रेय द्या, पण सगळं देऊ नका.

जर्सीची_आत्या

मी अमेरिकेत एडिसनला राहते, वय 66. मला दोन्हीकडचं पटतं आणि दोन्हीकडचा राग आहे.

सीमनचं शेवटच्या काळातलं पुस्तक 2003 चं, पाळी जातानाच्या हार्मोनांवर. बायकांवर झालेला सर्वांत मोठा प्रयोग, असंच ती त्याला म्हणते. वर्षभर आधी, जुलै 2002 मध्ये, याच हार्मोनांचा 16,608 बायकांवरचा अमेरिकी सरकारी अभ्यास मध्येच थांबवला होता, कारण स्तनाचा कर्करोग 26 टक्क्यांनी जास्त दिसला. बाई तर 1977 पासून याच विषयावर कंठशोष करत होती. तेव्हा तिला अतिरेकी म्हटलं, आणि ती खरी ठरली. मान्य.

पण 26 टक्के म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला 8 जणी जास्त, हे मला कुणी सांगितलं नाही. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हेही नाही. माझी पाळी पन्नाशीला गेली. रात्री तीनदा घामाने चिंब होऊन उठायचे, ऑफिसात बोलता बोलता शब्द सापडायचे नाहीत. डॉक्टरांनी हार्मोनचं नाव काढलं की मी कानावर हात ठेवायची. चार वर्षं काढली तशीच. ती भीती मी पुस्तकांतूनच घेतली होती.

पांढरा_चाफा

आत्या, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की 26 टक्के हा मथळा होता, 8 ही माहिती होती. चिठ्ठीत 8 लिहायला हवं होतं.

मांजरा_काठ

सगळं छान चाललंय. आता आमच्याकडे या.

मी बीड जिल्ह्यातली. 2019 मध्ये सरकारी समितीने ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांना काय चिठ्ठी देणार? अंगावरून जातंय म्हणून गेल्या, "पिशवी सडलीय, कॅन्सर होईल" ऐकून आल्या. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला तर दंड, फडात संडास नाही. माझी चुलतबहीण तिशीच्या आत मोकळी झाली. "मोकळी" हा तिचाच शब्द.

देशात कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 37.9 टक्के विवाहित बायकांची नसबंदी, गोळी 5.1 टक्के, पुरुषांची नसबंदी 0.3. गोळीचे दुष्परिणाम हा ज्यांना गोळीची निवड होती त्यांचा प्रश्न. सीमन शहरी, गोऱ्या, मासिकं वाचणाऱ्या बायकांची लेखिका. आमच्यासाठी तिला देव्हाऱ्यात बसवू नका.

सत्तरीतली_मंगल

मांजरा, तुझा राग रास्त. पण तुझ्या बहिणीला जे सांगितलं गेलं, "कॅन्सर होईल", ते तपासायचा हक्क कुणाकडे होता? प्रश्न तोच आहे.

आम्ही ऐंशीच्या दशकात या चळवळीत होतो तेव्हा सीमनचं नाव आम्हाला ठाऊकही नव्हतं. हैदराबादजवळ पटांचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीचं शिबिर लागलं होतं. आपल्यावर चाचणी होतेय हेच खेड्यातल्या बायकांना नीट सांगितलं नव्हतं. तिथल्या स्त्री शक्ती संघटनेने आणि इतरांनी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. इंजेक्शन वाईट की चांगलं हा वाद नंतरचा, आधी बाईला विचारलंत का? मुंबई-पुण्यात आम्ही सभा घ्यायचो तेव्हा डॉक्टर मंडळी अगदी वैद्यबुवांसारखंच बोलत: तुम्ही बायकांना घाबरवताय. आणि 2017 मध्ये दुसरं इंजेक्शन 'अंतरा' नावाने सरकारी कार्यक्रमात आलंच. मी आता त्याच्या सरसकट विरोधात नाही. नवऱ्याला न कळता घेता येतं, हे कित्येकींना हवं असतं. पण पाळी अनियमित होईल हे आधी सांगितलं नाही तर ती दुसऱ्या डोसला येत नाही, आणि मग कागदावर लिहितात "बाई अशिक्षित".

सीमनबद्दल एक राहिलं. तिच्या लिखाणामुळे जाहिरातदार औषध कंपन्या नाराज झाल्या आणि मासिकांतली कामं गेली, असं ती सांगे. मग पोटासाठी तिने एका लोकप्रिय कादंबरीकार बाईचं चरित्र लिहिलं आणि ते चांगलं खपलं. मला ही गोष्ट उगाच आवडते. 1975 मध्ये चौघींबरोबर तिने उभारलेली महिला आरोग्याची संघटना मात्र औषध कंपन्यांचे पैसे न घेता अजून चालू आहे.

कृष्णाकाठचा_वैद्य

मंगलताई, "तुम्ही बायकांना घाबरवताय" हे वाक्य मी खरंच बोललेलो आहे, बहुतेक त्याच सुमारास. पूर्ण मागे घेत नाही.

चाफा, तुमच्या पहिल्या परिच्छेदाबद्दल: पाळी पुढे ढकलायच्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन असतं. त्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून आधी गाठ झालेल्या बाईला ती देऊ नये. मला हे सांगायची संधी मिळत नाही, कारण त्या बायका माझ्याकडे येतच नाहीत. दर गणपतीला माझ्यापेक्षा जास्त हार्मोन तो दुकानदार देतो.

पांढरा_चाफा

काल त्याच दुकानात गेले. म्हटलं, या गोळीबरोबर येतो तो कागद द्या. तो म्हणाला, "ताई, पूर्ण खोक्यात एकच असतो. पहिली पट्टी कापली की तो टाकून देतो." मग शोधला त्याने, टोपलीत होता. उलगडल्यावर हातभर लांब, सगळा इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. दुकानदारही चष्मा लावून वाचू लागला.

टवाळ_पंत

वाचून काय म्हणाला?

पांढरा_चाफा

म्हणाला, "हे एवढं असतं यात?"